ताडी म्हंजे काय दारू?

माझ्या करगोट्याला सत्तावीस वर्षं एक पितळी किल्ली बांधलेली होती. आंघोळ करताना, जेवायला बसताना, एवढंच काय, बोहल्यावर उभा राहिलो तेव्हाही ती कमरेला होती. लग्न झाल्यावर बायकोनं पहिली चौकशी केली ती या किल्लीचीच. "तिजोरीची का हो?" मी म्हटलं, "नाही, विषाच्या कपाटाची." बिचारी पुढचे दोन दिवस माझ्याशी अगदी बेतानं बोलत होती.

मी कंपाउंडर होतो. आताच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. आता डॉक्टर चिठ्ठी लिहितात आणि दुकानदार रंगीत गोळ्यांची पट्टी कापून देतो. आमच्या वेळी औषध तयार नसायचं, ते करायचं असायचं. डॉक्टर कागदावर चार ओळी खरडत आणि तो कागद भिंतीतल्या खिडकीतून माझ्याकडे येई. मग मी मापाच्या पेल्यात अर्क मोजायचे, खलात पूड घोटायची, पुड्या बांधायच्या, मलम काचेच्या पाटावर रगडायचं. बाटलीत मिक्श्चर भरलं, की एका बाजूला कागदाची पट्टी चिकटवायची. पट्टीच्या कडेला कात्रीनं खाचा पाडलेल्या असत. एक खाच म्हणजे एक डोस. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही खाच कळते. पट्टी कापण्यात माझा हात धरणारा अख्ख्या वसईत कोणी नव्हता, हे मी आज म्हातारपणी सांगितलं, तर कोणी रागावणार नाही.

आमचा दवाखाना माणिकपूरला, स्टेशनाच्या रस्त्यावर. डॉक्टर साठे मूळचे पुण्याचे. हात हलका, हाडं बसवण्यात तर वाकबगार, पण गावची बोली त्यांना कधी धड कळली नाही. इकडे दोन कोसांवर भाषा बदलते. ख्रिस्ती वाडीतली बाई एका तऱ्हेनं बोलणार, बंदरावरची कोळीण दुसऱ्या, आगरी मिठागरावरचा तिसऱ्या. रोगी "पोटात कालवतंय" म्हणाला की डॉक्टर माझ्याकडे बघत. म्हणून रोग्याला प्रश्न विचारणं आणि त्याचं उत्तर पुणेरी मराठीत डॉक्टरांना सांगणं हेही माझ्याच गळ्यात पडलं होतं. त्याचा मला गर्व होता. मी निर्मळचा, केळी आणि फुलांची वाडी करणाऱ्या घरातला. या मातीतली माणसं मला कळतात, असं मी समजून चालत होतो.

रोगी एकेक नग असत. कळंबच्या एका आजोबांनी सहा डोसांची बाटली एका घोटात संपवली आणि वर मला सांगितलं, "सहा येला कोन तोंड वाकडा करतो? एकदाच काय ती कडू झाली." सुदैवानं ते औषध साधं पाचक होतं. दुसरे एक बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. नाताळपासून लग्नसराई संपेपर्यंत त्यांचा खोकला काही केल्या बरा होईना. डॉक्टरांनी छाती तपासली तर स्वच्छ. मग माझ्या लक्षात आलं, की खोकल्याच्या त्या गोड औषधात अफूपासून काढलेलं एक द्रव्य आहे, आणि गृहस्थ त्यासाठीच खोकताहेत. आम्ही त्यांना तेवढ्याच रंगाचं पण किराइताचं कडू औषध दिलं. खोकला दोन दिवसांत पळाला. पुढं रस्त्यात भेटले की ते माझ्याकडे बघून मोठ्यांदा घसा साफ करायचे.

विषाच्या त्या कपाटाची खरी मालकीण होती अफू. तांबूस अर्काची बाटली, पुड्यांसाठीची करडी पूड, आणि कापसात ठेवलेल्या मॉर्फियाच्या काचेच्या कुप्या. तिन्ही एकाच आईची लेकरं. हगवण थांबवायची तर अफू, कोरडा खोकला थांबवायचा तर अफू, आणि मोडलेल्या हाडाचं दुखणं तर अफूशिवाय कोणाला आवरतंय? अफूला आम्ही विष म्हणून कुलपात ठेवायचो, पण तिच्याइतकी दयाळू वस्तू त्या दवाखान्यात दुसरी नव्हती. ओरडत आलेला माणूस पाव तासात शांतपणे "पानी द्या" म्हणायचा, तेव्हा मला माझ्या कमरेच्या किल्लीबद्दल फार बरं वाटायचं.

फक्त एक पथ्य होतं. डॉक्टरांनी मला पहिल्याच आठवड्यात ते शिकवलं. "भास्कर, तुमच्या वाडीत रहाटाला किती बैल?"

"एक."

"त्या एका बैलावर एकाच दिवशी दोन वाड्या शिंपायच्या म्हटलं तर?"

"निम्मी वाडी कोरडी राहील. नाहीतर बैल बसेल."

"आपलं यकृत म्हणजे तो बैल," डॉक्टर म्हणाले. "शरीरात गेलेली अफू तेच उपसून बाहेर काढतं. दारूही तेच उपसतं. दोन्ही एकदम अंगावर आली की अफू रक्तात जास्त वेळ रेंगाळते. ज्याचं यकृत रोजच्या पिण्यानं आधीच थकलंय, त्याची तर बातच नको. पण त्याहून वाईट गोष्ट पुढंच आहे. मेंदूत एक जागा आहे, ती आपल्याला न सांगता श्वास घ्यायला लावते. अफू त्या जागेला गुंगी आणते आणि दारूही त्याच जागेला गुंगी आणते. एकटी आली तर माणूस झोपतो. दोघी मिळून आल्या तर माणूस झोपतो आणि श्वास घ्यायचं विसरतो. म्हणून मॉर्फियाची सुई भरण्याआधी विचारायचं. प्रत्येकाला विचारायचं."

गंमत अशी, की अफूचा तो तांबूस अर्क मुळात मद्यार्कातच काढलेला असतो. पण तो थेंबांनी मोजून देतात. लोट्यानं कोणी देत नाही.

तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारत आलो, "दारू घेतली आहे का?" माणसं कानाला हात लावत, देवाची शपथ घेत, काही हसत, काही खरं सांगत. खरं सांगणाऱ्याला सुई मिळत नसे, मिळाली तर अगदी थोडी, आणि मग तो दिवसभर आमच्या डोळ्यांसमोर असे. मला वाटायचं, माझं काम चोख आहे.

ही गोष्ट स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली. दारूबंदी होणार होणार अशी बोलणी चालली होती, अजून झाली नव्हती. एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पाचूबंदरहून टांगा आला. टांग्यात पास्कू नावाचा तिशीतला कोळी आडवा पडलेला. होडी किनाऱ्याला ओढताना ओंडक्यावरून घसरली आणि त्याचा उजवा पाय खाली सापडला होता. नडगी मोडून हाड कातडीला आतून टोचत होतं. बरोबर त्याची बायको कतरीन. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, केसात वाळू. ती रडत नव्हती. टांगेवाल्यालाच दरडावत होती, "हलू उतरव रे, तो काय मासळीची पाटी हाय?"

पास्कू मात्र ओरडत होता. तो ओरडला की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघत.

डॉक्टरांनी पाय बघितला आणि म्हणाले, "बसवता येईल. पण शुद्धीवर असताना हा सहन करणार नाही. मॉर्फिया काढ. आणि विचार."

मी किल्ली सोडवता सोडवताच विचारलं, "पास्कू, दारू घेतली आहेस का?"

"नाय ओ!" तो दात-ओठ खात म्हणाला.

मी कतरीनकडे वळलो. "खरं सांग हं. आज दारू प्यायलाय का हा?"

तिनं गळ्यातला क्रूस हातात धरला. "दारूचा नाव नका काढू. लगीन लागल्यापासून त्यानी दारूला हात नाय लावला. क्रूसाची आन."

मला तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की ही बाई खोटं बोलत नाही. मी डॉक्टरांना सांगितलं, "नाही घेतलेली." डॉक्टरांनी सुई दिली. गडी दांडगा, पहिल्या सुईनं भागेना, म्हणून थोड्या वेळानं आणखी अर्धी दिली. मग डॉक्टरांनी पाय ओढला, मी टाच धरली, कट्ट असा आवाज झाला आणि हाड जागेवर गेलं. फळ्या बांधल्या. पास्कू "माये गे" म्हणाला आणि डोळे मिटून पडला. इतकं सुंदर काम झालं होतं, की डॉक्टर स्वतःवर खूश होऊन सायकलवर टांग मारून निर्मळला गेले. तिथं एका बाळंतिणीला ताप होता. मी कतरीनला म्हटलं, "बस आता. झोपू दे त्याला."

तेच चुकलं. हाड जागेवर बसलं की दुखणं कमी होतं, आणि दुखणं असतं तोवर तेच माणसाला जागं ठेवत असतं. अफूशी झगडायला दुखण्याइतकं चांगलं औषध नाही. आम्ही तेच काढून घेतलं होतं.

मी खिडकीपलीकडे कोणाच्या तरी पुड्या बांधत होतो. पंखा नव्हता, रस्ता शांत होता. पुड्या बांधताना मला एका गोष्टीची सवय आहे, बाकावरच्या रोग्याचं घोरणं ऐकत राहायची. पास्कू घोरत होता. मग मला जाणवलं, की त्याच्या एका घोरण्यानंतर मी तीन पुड्या बांधल्या तरी दुसरं घोरणं आलेलं नाही.

मी धावत गेलो. ओठ जांभळे. पापणी उघडली तर बुबुळाचं भोक मोहरीच्या दाण्याएवढं. घड्याळ हातात धरून मी श्वास मोजले. एका मिनिटात पाच. धट्ट्याकट्ट्या माणसाला सोळा-अठरा लागतात.

डॉक्टर दोन-अडीच कोसांवर. मी टांगेवाल्याला हाक मारली, "निर्मळला जा, देवळापलीकडच्या वाडीत साठे डॉक्टर असतील, असतील तसे घेऊन ये!" टांगा उधळला. मग मी कतरीनकडे वळलो आणि तिसऱ्यांदा विचारलं. आता विचारलं म्हणजे ओरडलोच.

"कतरीन, हा दारू प्यायलाय! खरं सांग!"

"नाय प्यायला!" तीही ओरडली. "मी क्रूसाची आन घेतली ना?"

"मग सकाळपासून त्याच्या पोटात गेलंय तरी काय?"

ती गोंधळली. बोटं मोजल्यासारखी करून सांगायला लागली, "पहाटं पेज. भाकरीचा तुकडा. आनि ताडी."

"ताडी?"

"ती रोजचीच ओ. दोन लोटं. मंग पाय सापडला तवा होडीच्या तांडेलानी आनखी दिली, दुखू नये म्हनून. तीन... का चार लोटं. कोन मोजतो?"

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

माझ्याकडे ती अशी बघायला लागली, की वेडा मीच. "तुमी दारू इचारलीत, भाऊ. ताडी म्हंजे काय दारू?"

ती शंभर टक्के खरं बोलली होती. बंदरावर दारू म्हणजे भट्टीची. ती पितो तो बेवडा, तो बायकोला मारतो, त्याला पाद्री बोलावून घेऊन समज देतो. ताडी झाडावरून उतरते. ती सकाळी पेजेबरोबर घ्यायची, बाळंतिणीला द्यायची, पोळे आंबवायला पिठात घालायची. तिला दारू म्हणणं म्हणजे ताकाला दारू म्हणणं. आमच्या निर्मळच्या घरात मात्र ताडी आणि दारू एकाच पापाची दोन नावं होती, आणि दोन्ही नावं घरात काढायची नाहीत. म्हणून ती दोन निराळी असतील, हे मला सुचलंच नाही. डॉक्टर पुण्याचे, त्यांना कसं ठाऊक असणार? मी इथला. मला या माणसांची भाषा येते म्हणून तर तो प्रश्न माझ्याकडे होता.

पण तेव्हा एवढा विचार करायला वेळ कुठला! कतरीननं तांब्या उचलला होता, त्याच्या तोंडात पाणी घालायला. मी तिचा हात धरला. "काही घालू नकोस. गिळायची शुद्ध नाही, छातीत जाईल." लढाईच्या दिवसांत मुंबईत असताना मी प्रथमोपचाराचा वर्ग केला होता. तिथलं जे आठवलं ते केलं. त्याला कुशीवर वळवला, हनुवटी पुढं ओढून धरली, जीभ मागं पडली नाही ना ते बघितलं. दंडाला कडकडून चिमटा काढला आणि कानाशी ओरडलो, "पास्कू! श्वास घे!"

काही नाही. माझं पुस्तकी मराठी त्याच्यापर्यंत पोचलं नसावं.

कतरीननं मला बाजूला सारलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "पास्कू, दम घे."

त्याची छाती वर आली. मी माझ्या डोळ्यांनी बघितली.

मग परत थांबली. मी घड्याळ बघितलं. पाच, दहा, पंधरा सेकंद. "परत सांग," मी म्हटलं.

"पास्कू, दम घे."

परत छाती वर आली.

त्या दिवशी मला एक गोष्ट समजली. पुढं डॉक्टरांनीही ती खरी म्हणून सांगितली. अफूनं गुंगलेला माणूस आपणहून श्वास घ्यायचं विसरतो, पण कोणी हुकूम केला तर पुष्कळदा घेतो. शरीराला ताकद असते, आठवण नसते. ती आठवण बाहेरून कोणी तरी द्यायची. आणि ती एकदा देऊन भागत नाही, प्रत्येक श्वासाला द्यावी लागते.

मी म्हटलं, "कतरीन, मी बोट वर केलं की म्हणायचं. थांबायचं नाही."

"कवापर्यंत?"

"तो आपणहून घेईपर्यंत."

तिनं पदर खोचला आणि जमिनीवर मांडी घातली. मी घड्याळ घेऊन शेजारी. दर पाच सेकंदांनी माझं बोट, तिचं "दम घे", त्याची छाती. थोड्या वेळानं तिला माझ्या बोटाची गरज उरली नाही. जाळं ओढताना बायका-पुरुष एका तालात ओढतात ना, तसा ताल तिच्या अंगात होता. ती नुसती बसल्याबसल्या पुढंमागं हलत होती आणि त्या हेलकाव्यावर म्हणत होती, दम घे, पास्कू, दम घे. मधूनच शिव्याही देत होती. "दम घे रे मुडद्या, पोरीचा कुमनियाव कोन करील? दम घे." कुमनियाव म्हणजे चर्चमध्ये मुलांना पहिल्यांदा प्रसाद देतात तो सोहळा. एकदा तो लागोपाठ दोन हाकांना हलला नाही. मी त्याला पालथा घालून, श्वास चालवायला पाठ दाबायच्या तयारीत होतो, तेवढ्यात तिनं खाडकन त्याच्या मुस्काटात मारली. तो जोरानं श्वास घेऊन कण्हला. इतकं गोड कण्हणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

बारा वाजता चर्चची घंटा झाली. रस्त्यावरची माणसं उभी राहून क्रूसाची खूण करत होती. दारात जमलेल्यांपैकी एक म्हातारी म्हणाली, "कतरीन, आंजेलूस म्हन गो, देव आयकल." कतरीन मान न वळवता म्हणाली, "तू म्हन माज्या वाटची. मना वेल नाय. दम घे, पास्कू." आणि बाहेर ती म्हातारी प्रार्थना म्हणत राहिली, आत ही श्वास मागत राहिली. मी हिंदू माणूस, पण त्या दोन्ही आवाजांना मी मनातून हात जोडले होते.

साडेबाराच्या पुढं डॉक्टर आले. टांग्यातून उडी मारूनच आत शिरले. मी एका वाक्यात सांगितलं, "ताडी प्यायलाय, पाच-सहा लोटे, मी दारू विचारली होती." त्यांनी श्वासाला टोचणी देणारं इंजेक्शन होतं ते दिलं, नाडी धरून बसले आणि कतरीनला म्हणाले, "बाई, तुम्ही थांबू नका. माझ्या सुईपेक्षा तुमचं चांगलं चाललंय." त्या काळी याला याहून नामी औषध आमच्यासारख्या दवाखान्यात नव्हतं.

दोन वाजता पास्कू न सांगता एक श्वास घ्यायला लागला, सांगून एक. तीन वाजता न सांगता सगळे. चारला त्यानं डोळे उघडले, बायकोकडे बघितलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "कवापासून वटवट चाललीय तुजी." कतरीन तोवर एकदाही रडली नव्हती. ते ऐकल्यावर ती भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडली. आवाज मात्र फुटत नव्हता, घसा पार बसला होता. तो पुढं आठवडाभर बसलेलाच होता. बंदरावर म्हणे मासळी विकताना ती खुणांनीच भाव करायची.

पास्कूला त्या रात्री आम्ही सोडलं नाही, दुसऱ्या दिवशी सोडलं. तो गेल्यावर डॉक्टर खलबत्त्याजवळ येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. मी त्यांना तोंड उघडू दिलं नाही. "चूक माझी आहे, डॉक्टरसाहेब."

"चूक प्रश्नाची आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "भास्कर, गेल्या पावसाळ्यात अर्नाळ्याच्या त्या बाबांना आपण हगवणीसाठी अफूचा अर्क दिला होता. तेव्हा त्यांच्या घरच्यांना काय विचारलं होतंस?"

ते बाबा पंच्याहत्तरीचे होते. औषध घेऊन घरी गेले, झोपले आणि सकाळी उठले नाहीत. सगळे म्हणाले, वय झालं होतं, सोन्यासारखं मरण आलं. मुलगा तर आमच्याकडे आभार मानायला आला होता. झालंही असेल वय. मला कधीच कळणार नाही. पण त्या मुलाला मी विचारलं होतं, "बाबा दारू घेतात का?" आणि त्यानं "छे" म्हटलं होतं, हे मला लख्ख आठवत होतं. पुढची कितीतरी वर्षं अर्नाळ्याच्या रस्त्याला लागलं की मी त्या घरावरून न जाता मागच्या वाटेनं जायचो. त्या मुलाला हे सांगावं असं अनेकदा मनात आलं. सांगितलं नाही. तेवढा धीर माझ्याजवळ नव्हता, आणि आता तो मुलगाही नाही.

त्या दिवसापासून मी प्रश्न बदलला. "सकाळपासून काय काय पोटात गेलं? पाण्यासकट सांग." हा प्रश्न विचारला, की माणसं मजेत सांगायची. पेज, बोंबील, चहा, ताडी, लग्नाच्या घरची वाईन, मेव्हण्यानं आणलेलं "जरा काहीतरी". दारूबंदी आली तेव्हा तर या प्रश्नाचं मोलच कळलं. दारूचं नाव काढलं की लोक मला पोलिसांचा माणूस समजायचे. जेवणाखाण्याची चौकशी केली की त्यांना मी घरचा वाटायचो. माझ्यानंतर दवाखान्यात आलेल्यांनाही मी पट्टी कापायच्या आधी हा प्रश्न शिकवला. तो कतरीननं मला दिला, असं प्रत्येकाला सांगितलं.

पास्कूचा पाय सरळ बसला, थोडा लंगडायचा. तो परत होडीवर गेला. दर नाताळला नवराबायको माझ्याकडे करंज्या घेऊन यायची. त्यांच्या ज्या मुलीच्या कुमनियावाची तिला काळजी होती, तिच्या लग्नात मला नवरीच्या मामाच्या रांगेत बसवलं होतं. दोन वर्षांपूर्वी पास्कू गेला. म्हातारपणानं, आपल्या खाटेवर. कतरीन निरोप द्यायला स्वतः आली, आणि म्हणाली, "ह्या वेलेस मी नाय सांगला, भाऊ. दमला व्हता."

आता शेवटचं सांगतो. ते सांगितलं नाही तर मी या लेखात फार शहाणा दिसेन.

गेल्या वर्षी मी अंगणात घसरलो आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलानं मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नेलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कतरीन बघायला आली होती. सत्तरीची झाली असेल, पण लुगडं तसंच, आवाज तसाच. ती स्टुलावर बसलेली असताना एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आला. "आजोबा, ड्रिंक वगैरे घेता का?"

मी जरा ताठ झालो. "छे छे! आयुष्यात थेंब घेतलेला नाही."

तो कागदावर लिहायला लागला. कतरीन म्हणाली, "डाक्टर, असा नका इचारू. काय काय पोटात जाते ता इचारा. पान्यासकट."

डॉक्टर हसला आणि म्हणाला, "बरं, सांगा आजोबा."

मी कौतुकानं सांगायला लागलो. सकाळी चहा. मग पेज. दोन केळी, घरच्या वाडीतली. दुपारी वरणभात. "आणि दोन्ही जेवणांनंतर द्राक्षासव. चार चमचे. थंडीत जरा जास्त. दहा-बारा वर्षं घेतोय, भूक चांगली लागते."

डॉक्टरानं पेन थांबवलं. "आजोबा, आसवात अल्कोहोल असतं."

आणि सत्तावीस वर्षं विषाच्या कपाटाची किल्ली सांभाळलेल्या माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, आसव म्हणजे काय दारू?"

कतरीन तोंडाला पदर लावून इतकी हसली, की शेजारच्या खाटेवरचा रोगी उठून बसला. डॉक्टरानं मात्र हसत हसत कागदावर काहीतरी खोडलं आणि नवीन लिहिलं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला दुखण्यावरची सुई दिली होती. ती कोणत्या घराण्यातली, हे मी नाव न विचारताही ओळखलं. ती जुनी ओळखीची गुंगी हळूहळू चढत होती. दुखणं दूर कुठंतरी किनाऱ्यावर राहिलं होतं. बायको चहा प्यायला खाली गेली होती. स्टुलावर कतरीन बसली होती. तिलाही डुलकी लागली असावी, कारण ती पुढंमागं हलत होती. आणि त्या हेलकाव्यावर, झोपेतच, हलक्या आवाजात म्हणाली,

"दम घे, पास्कू."

मी पास्कू नाही, हे तिला सांगण्याइतकी शुद्ध मला होती. पण ते मी सांगितलं नाही. मी दम घेतला.